आमची वाटचाल : स्टॉकच्या पातेल्यापासून

आमच्या स्वयंपाकघरात शिरलं की डाव्या हाताला पहिलं दिसतं ते स्टॉकचं, म्हणजे सुपाच्या चवदार पाण्याचं, पातेलं. 40 लिटरचं, जाड बुडाचं, एका अंगाला पोचा आलेलं. बंद पडलेल्या एका खानावळीकडून आम्ही ते पहिल्याच आठवड्यात घेतलं. पुढे ग्राइंडर बदलले, फ्रीज बदलले, टोफूचे (सोयाबीनच्या पनीरचे) लाकडी साचे जाऊन स्टीलचे आले. पातेलं मात्र तेच आहे. आमचं नाव झालं ते त्याच्यामुळे, आणि बुडायची पाळी आली तीही त्याच्याच बाबतीत चूक केल्यामुळे.

सुरुवात आम्ही दोघांनी केली, मी आणि माझा मित्र. त्याने एका बौद्ध मठाच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं काढली होती, आणि कणीक धुऊन ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट, मांसासारखं लागणारं प्रथिन, काढण्यात त्याच्यासारखा हात मी आजवर पाहिलेला नाही. केटरिंगचा धंदा करायचा आणि मांस ठेवायचं नाही, एवढं पक्कं होतं. त्याने त्यात एक अट घातली. मांसाच्या पदार्थातून मांस काढून उरलेलं ताटात वाढायचं नाही. जगात जिथे जिथे लोकांनी शतकानुशतकं मांसाशिवाय रांधलं, तिथले मुळातच पूर्ण असलेले पदार्थ करायचे. लोक म्हणाले, आठ दिवसांत यादी संपेल. आमची यादी अजून संपलेली नाही.

इथिओपियाचंच बघा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत बुधवार, शुक्रवार आणि मोठे उपवासकाळ धरून सामान्य माणसालाही वर्षाचे सुमारे 180 दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. जो समाज अर्धं वर्ष असं जेवतो, त्याच्या हातची मसुराची मिसिर वोत आणि चण्याच्या पिठाची शिरो कोणत्याही मांसाहारी ताटाशेजारी मान खाली घालत नाही. मिसिर वोतचा कांदा आधी कोरडाच परततात, तेल नंतर. ही पायरी गाळणाऱ्यांनी तो पदार्थ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या मेनूकार्डाच्या मागच्या बाजूला माझा मित्र दर महिन्याला काहीतरी लिहायचा. सगळ्यांच्या लक्षात राहिलं ते अशोकाच्या पहिल्या शिलालेखाचं कार्ड. पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं त्या लेखात कोरलेलं आहे. दगडावर कोरलेला हिशेब आहे तो, आणि त्यात सम्राटाने ‘अजून तीन उरलेत’ हेही लपवलेलं नाही. मित्र म्हणायचा, स्वयंपाकघराने हिशेब द्यावा तर असा. तेव्हा मी नुसती मान डोलवायचो.

पहिली सहा वर्षं बरी गेली. सातव्या वर्षी 600 पानांची ऑर्डर आली, एका मोठ्या परिषदेची, तीन दिवसांची. त्यात जपानी पद्धतीचं मिसो सूप होतं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं. आमचा स्टॉक म्हणजे कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि वाळलेले शिटाके मशरूम, रात्रभर गार पाण्यात. 600 पानांसाठी तो करायचा तर पातेलं पुरत नव्हतं, झोपायलाही वेळ नव्हता. मी एका व्यापाऱ्याकडून तयार स्टॉक पावडर मागवली. मित्र म्हणाला, “पावडर नको, आपण दोन पाळ्या करू.” मी ऐकलं नाही. व्यापाऱ्याने सांगितलं होतं, समुद्री वनस्पतीची आहे, निर्धास्त वापरा. पाकिटावरची अक्षरं जपानी होती आणि चित्र कोम्बूचं होतं. परिषद पार पडली, वाहवा झाली. उरलेली पावडर आम्ही पुढचे सात आठवडे वापरली.

आमच्याकडे पहिल्या वर्षापासून जेवायला येणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मासा आयुष्यात कधी तोंडात घेतलेला नाही, आणि ताटात काय आहे हे विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. वैताग येईल इतकं विचारतात. चीज आहे तर ते कशाने विरजलं, वासराच्या जठरातल्या रेनेटने की बुरशीपासून केलेल्या? जेली आहे तर प्राण्यांच्या हाडाकातड्यातल्या जिलेटीनची की शेवाळातल्या अगर-अगरची? वूस्टर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असतो हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी विचारलं, “आज सूप वेगळं लागतंय, स्टॉक कशाचा?” मी पाकीट आणून दाखवलं. त्यांनी त्याचा फोटो काढून आपल्या भाचीला पाठवला, तिला जपानी येतं. दहा मिनिटांनी फोन आला. मावशींनी ऐकून घेतला, फोन खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “यात कात्सुओ आहे. मासा आहे.”

कात्सुओबुशी म्हणजे धुरावून वाळवलेला बोनिटो मासा. नेहमीच्या दाशीत, म्हणजे जपानी स्टॉकमध्ये, तो असतोच, हे मला ठाऊक होतं. मठातल्या शोजिन पद्धतीत तो चालत नाही, म्हणून तर आम्ही कोम्बू-शिटाके वापरायचो. सगळं माहीत असून मी पाकीट वाचून घेतलं नव्हतं. मावशी जेवण अर्धं टाकून उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “मी कुणाला सांगणार नाही. तुम्हीच सांगा.”

त्या रात्री आम्ही दोघं पातेल्याशेजारी बसून राहिलो. सकाळपासून फोन करायला लागलो. सात आठवड्यांत ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून जेवण नेलं त्या प्रत्येकाला. पाच दिवस लागले. काही जण रडले. एका वयस्कर गृहस्थांनी काही न बोलता फोन ठेवला, त्यांचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. तीन मोठे करार त्याच आठवड्यात गेले आणि दहा माणसांतली सहा आम्हाला कमी करावी लागली.

हे आम्ही स्वतःहून सांगितलं होतं. तरीही केटरिंगमधल्या एका मोठ्या व्यावसायिकाने आमच्या गिऱ्हाइकांना गाठून सांगितलं की हे लोक पहिल्यापासून असंच करत होते, पकडले गेले आत्ता. मी नाव घेणार नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही. तीच पावडर त्याच व्यापाऱ्याकडून त्याच्या स्वयंपाकघरात आमच्या आधीपासून जात होती. व्यापाऱ्याच्या वहीत मी स्वतः नोंद पाहिली. त्या व्यावसायिकाने एकाही माणसाला फोन केला नाही. आमचे गेलेले दोन करार त्यालाच मिळाले.

पुढे त्याच माणसाने ग्लूटेनचे गोठवलेले तुकडे ‘नव्या युगाचा शोध’ म्हणून विकायला काढले. कसला शोध? चीनमध्ये सुंग राजवटीत (960–1279) खाणावळी मांसासारखे दिसणारे शाकाहारी पदार्थ वाढत होत्या. त्याच्याही आधी, 6व्या शतकात, लियांग घराण्याच्या सम्राट वू याने यज्ञबळीच्या जागी कणकेचे प्राणी करायला लावले होते. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या सॅनिटेरियममध्ये डॉ. केलॉग 1890च्या दशकात शेंगदाण्यांपासून मांसाला पर्याय बनवत होते. ज्यांनी हे हाताने केलं त्यांचं नाव पाकिटावर नको का?

आणि ‘शाकाहार ही फॅशन’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो. इंग्लंडमध्ये व्हेजिटेरियन सोसायटी रॅम्सगेटला 1847 साली स्थापन झाली. ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द रुळायच्या आधी युरोपात अशा जेवणाला पायथागोरसचा आहार म्हणत, म्हणजे नाव अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं. 11व्या शतकातला सीरियाचा कवी अल-मअर्री दूध, अंडी आणि मधही घेत नव्हता. असं प्राण्यांपासूनचं काहीच न खाणाऱ्यांसाठी ‘व्हेगन’ शब्द आला तो त्यानंतर जवळजवळ 900 वर्षांनी, 1944 साली.

त्या पडत्या काळात मित्राने लिहिलेलं एक कार्ड मी भिंतीला लावलं होतं. झुरिकमध्ये 1898 साली एक मांसविरहित उपाहारगृह निघालं. त्या काळी तिथे जाणाऱ्यांना लोक हसत आणि ते काही चालेना. अँब्रोसियस हिल्ट्ल नावाचा एक शिंपी संधिवाताने त्रासलेला होता. डॉक्टरांनी मांस सोडायला सांगितलं म्हणून तो तिथे जेवायला जाऊ लागला आणि पुढे त्यानेच ते चालवायला घेतलं. आज तेच उपाहारगृह जगातलं सर्वांत जुनं, अखंड चालू असलेलं शाकाहारी उपाहारगृह मानलं जातं आणि अजून त्याच कुटुंबाकडे आहे. गिऱ्हाइकाने वाचवलं.

आम्हालाही. बाराव्या दिवशी मावशी परत आल्या. “पातेलं दाखवा,” म्हणाल्या. मी झाकण काढलं. त्यांनी कोम्बूचा तुकडा हातात घेऊन पाहिला, शिटाके मोजले आणि टेबलावर जाऊन बसल्या. पुढचा महिनाभर रोज आल्या, रोज कुणाला तरी बरोबर घेऊन. एकदा तर एकदम 14 जण.

तेव्हापासून तयार स्टॉक, तयार सॉस, तयार मसाला आमच्या दारातून आत येत नाही. प्रत्येक पदार्थातला प्रत्येक जिन्नस फळ्यावर लिहिलेला असतो, मीठसुद्धा. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं, सातव्या वर्षाची वाट पाहू नये. कोम्बू उकळू नका. पाण्यात बुडबुडे धरायला लागले की काढा, नाहीतर चिकटपणा आणि कडवटपणा उतरतो. शिटाके गार पाण्यातच भिजवा, घाई असली तरी. मासा नसताना हा स्टॉक इतका भरलेला का लागतो, त्याला कारण आहे. टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोम्बूतलं ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला उमामी नाव दिलं. वाळलेल्या शिटाकेत ग्वानिलेट हे ती चव वाढवणारं दुसरं द्रव्य असतं. दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. मठातल्या आचाऱ्यांना ही नावं माहीत नव्हती, पण जोडी त्यांनी बरोबर जमवली होती. आणि भागीदारी मित्राशी असली तरी कागदावर करा. आमची होती, म्हणून वाईट दिवसांत पैशावरून एक शब्द झाला नाही.

मित्र तीन वर्षांपूर्वी शिकवायला गेला. जाताना कार्डांची वही आणि टोफूचा पहिला लाकडी साचा माझ्याकडे ठेवून गेला. साच्यावर निगारीचे, म्हणजे टोफू फाडायला वापरतात त्या क्षाराचे, पांढरे डाग आहेत, ते मी घासू देत नाही.

गेलेल्या तीन करारांपैकी एक मागच्या वर्षी परत आला. पावडरचं रिकामं पाकीट पातेल्यामागे खिळ्याला टांगलेलं आहे. त्या व्यापाऱ्याने आमचे पैसे अजून परत केलेले नाहीत.