आमची वाटचाल : राणी छाप रुपयापासून नियुएच्या कासवापर्यंत

आमचं दुकान उभं राहिलं ते जुन्या रुपयांवर. बाबा इतवारीच्या सराफ्यात बसायचे. मोडीत आलेल्या चांदीत भोसल्यांच्या काळातले रुपये, राणी छाप, पंचम जॉर्ज असं काही निघालं की ते आटणीला जाऊ देत नसत. ११.६६ ग्रॅमचा रुपया फरशीवर वाजवला की खरा-खोटा त्यांना लगेच कळायचा. संग्राहक आमच्याकडे येऊ लागले ते त्यामुळेच.

प्राण्यांची नाणी मी आणली. ताडोबा-पेंचच्या गेटवर पहाटे जिप्सीत बसणारी माणसं आपल्या नागपुरात पुष्कळ. चिनी पंचांगातलं वाघाचं वर्ष आलं, २०२२ साली, तेव्हा वाघाच्या नाण्यांसाठी हीच मंडळी दुकानात आली.

माझं स्वतःचं आवडतं मात्र पॅसिफिक महासागरातल्या नियुए बेटाचं हॉक्सबिल या समुद्री कासवाचं नाणं. एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, ९९९ टंच चांदी. एका बाजूला राणी एलिझाबेथ आणि २ डॉलर, दुसऱ्या बाजूला पोहणारं कासव. भिंगाखाली धरा, पाठीचं एकेक कवच वेगळं दिसतं. नियुएची वस्ती दोन हजारांच्याही आत, टांकसाळ नाही. अशा बेटांची नाणी दुसऱ्या देशांत पाडतात. तुवालूची बरीचशी ऑस्ट्रेलियात, पर्थला. बेटाला रॉयल्टी मिळते. ‘हे तिथं चालते का जी?’ असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. कायद्यानं चालतं, पण दोन डॉलरला कोण देईल!

दुसरा प्रश्न भावाचा. तोळ्याच्या हिशेबानं हे नाणं महागच पडतं, आणि ते आम्ही आधीच सांगतो. ज्यांना नुसती चांदी साठवायची त्यांनी सराफ्यातून लगड घ्यावी. नाणं घ्यायचं ते कोरणीसाठी, किती पाडली ते बघून. कॅप्सूलमधल्या, म्हणजे पारदर्शक डबीतल्या, नव्या नाण्यावरही कधी दुधाळ डाग येतात. डाग असलेलं नाणं आम्ही दाखवून, कमी भावानं देतो. आणि कृपा करून चिंच, टूथपेस्ट लावू नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक हात लावत नाही.

सध्या पॅसिफिकमधल्याच पलाऊ या बेटांच्या देशाची सागरी जीवांची नाणेमालिका जमवतो आहोत. ती १९९२ला सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांची नाणी कुणाकडे असतील तर दुकानात घेऊन या. मोडीचा नाही, नाण्याचा भाव देऊ.