आमची वाटचाल: ८० ला सुरू, ९५ ला गायब

वाकडला बायपासच्या सर्व्हिस रोडवर आमचं दुकान सुरू झालं तेव्हा पाटीवर ‘व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग’ एवढंच होतं. एक पिट, एक बॅलन्सिंग मशीन, एक टायर चेंजर. आज आमची ओळख आहे ती ठरावीक वेगाला येणारी थरथर शोधून देणारं दुकान म्हणून. ती मशीनमुळे झाली नाही. आमचं मशीन साधंच आहे. फरक पडला तो गाडी वर घेण्याआधी काय विचारायचं, त्यामुळे.

पुण्याच्या रोजच्या ट्रॅफिकमध्ये गाडी ६० च्या वर क्वचित जाते, त्यामुळे दोष महिनोन्‌महिने झाकलेला राहतो. किवळ्याहून एक्स्प्रेसवेला लागलं, काटा ८० वर गेला की स्टीअरिंग थरथरतं, आणि ९५ नंतर आपोआप निवळतं. गिऱ्हाईक सांगतं, ‘अलाइनमेंट करून द्या.’ अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा आणि कल, बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतो. ही थरथर तिच्यामुळे येत नाही, म्हणून त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे आम्ही घेत नाही.

मग येते कशामुळे? १६५/८० आर १४ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किमीला चाक सेकंदाला जवळपास १३ फेरे मारतं. चाकात ३० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असेल, तर या वेगाला ते रिमच्या कडेला साडेतीन किलोच्या वर जोराने ओढतं, सेकंदाला १३ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेला. ४५ ला हाच ओढा पाव भागावर येतो. त्यात पुढच्या सस्पेन्शनची आणि स्टीअरिंगची स्वतःची एक लय असते, बऱ्याच छोट्या गाड्यांत सेकंदाला १० ते १५ च्या घरात. दोन्ही लयी जुळल्या की हात थरथरतात, वेग पुढे सरकला की सुटतात. थरथर लाटेसारखी कमी-जास्त होत असेल, तर बहुधा दोन चाकांत दोष आहे. वळणावर डावं-उजवं चाक वेगवेगळं फिरतं आणि दोघांचे हादरे कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना मारतात.

म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न वेगाचा, दुसरा जागेचा. स्टीअरिंगमध्ये जाणवतं तर पुढची चाकं आधी बघायची, सीटखाली किंवा फ्लोअरला तर मागची. मग टेस्ट ड्राइव्ह, १०० च्या मर्यादेतच. टायरमधली हवा आधी सारखी करायची आणि आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून टायर गरम होऊ द्यायचे. बरेच दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला खालून सपाटपणा येतो, तो एवढ्या चालण्याने बऱ्याचदा निघून जातो. थरथर सुरू झाली की रिकाम्या सरळ पट्ट्यात गाडी न्यूट्रल करायची, इंजिन चालूच ठेवून. थरथर तशीच राहिली तर दोष चाकाकडे. थांबली तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार) किंवा ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा). ॲक्सिलरेटर दाबला की हलते आणि सोडला की शांत, असं असेल तर आतला सीव्ही जॉइंट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा सांधा, तपासा. फक्त ब्रेकवर येत असेल तर डिस्क. तिची जाडी आम्ही मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजतो, कारण ०.०२ मिमीचा फरकही पायाला कळू शकतो.

बॅलन्सिंग, म्हणजे चाक मशीनवर फिरवून आणि रिमला छोटी वजनं लावून भार सगळीकडे सारखा करणं, हा सगळ्यात घाईत उरकला जाणारा भाग आहे, आणि ‘दोनदा बॅलन्सिंग केलं तरी फरक नाही’ ही तक्रार बहुतेक इथेच जन्मते. आम्ही आधी चाक आतून धुतो. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटतो, तो तसाच ठेवून वजनं लावली तर चार दिवसांत चिखल पडतो आणि वजनं उलटी लागू पडतात. जुनी वजनं सगळी काढायची. मशीनचा कोन (चाक मध्यावर धरणारा शंकू) चाकाच्या मधल्या भोकात नीट बसला पाहिजे. मशीनवर शून्य आलं की चाक सैल करून, मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. ५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर आधीचं शून्य खोटं होतं. बऱ्याच मशीन ठरावीक ग्रॅमखालची चूक शून्य दाखवतात, म्हणून शेवटचा आकडा ‘फाइन’ बटण दाबूनच घ्यायचा. अलॉयवर चिकटवायची वजनं लावताना जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी हवी.

एका बाजूला ६० ग्रॅमच्या वर मागणी आली की आम्ही वजन लावत नाही. डायल गेज (बारीक फरक दाखवणारा काटा) लावून रिम आणि टायर फिरताना किती उडतात, म्हणजे गोलाई किती चुकते, ते बघतो. टायरसह १.५ मिमीच्या वर उडत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवतो. बऱ्याचदा टायरचा उंच भाग रिमच्या खोल भागावर येतो आणि ६० चे २० ग्रॅम होतात. खड्ड्यात रिमची कड वाकली असेल किंवा टायरच्या बाजूला फुगा आला असेल, तर वजनाने काही होणार नाही.

पंक्चर रोखण्यासाठी टायरमध्ये भरलेलं द्रव हे हल्लीचं मोठं दुखणं. मशीनवर दर वेळी वेगळा आकडा येतो, कारण द्रव आत सरकत राहतो. टायर उतरवून पुसून काढण्याशिवाय इलाज नाही.

दुसरं दुखणं बाहेरून घेतलेल्या अलॉयचं. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) ५४.१ मिमीचं, आणि अलॉयचं भोक पुष्कळदा ७३.१ मिमीचं. मध्ये रिंग नसेल तर चाक फक्त नटांवर बसतं, किंचित बाजूला. मशीनवर ते चोख दिसतं, कारण मशीनवर कोन त्याला मध्यावर धरतो. गाडीवर धरायला काही नाही. योग्य मापाची सेंटरिंग रिंग टाकायची, हबवरचा गंज ब्रशने काढायचा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्यानेच) आवळायचे. छोट्या गाडीला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधला. नुसत्या एअर गनने आवळणं आम्ही बंद केलं आहे.

लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) आणि टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा चाकाकडचा सांधा) यांबद्दल एक स्पष्ट मत. ते झिजले की थरथर निर्माण होत नाही, वाढते. नवे बुश टाकून ती झाकता येते, पण चाकातला दोष तसाच राहतो. म्हणून आधी चाक, मग बुश.

अलीकडे फोनच्या सेन्सरवर थरथरीची लय, म्हणजे सेकंदाला किती ठोके, ती मोजतो. ९० ला १३ च्या आसपास आली तर चाक. २६ आली तर चाकाच्या एका फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे अंडाकृती टायर. ५० च्या आसपास आली आणि गाडी बोलेरोसारखी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) आणि त्याचे क्रॉस (सांधे), कारण तो चाकाच्या साधारण चौपट फिरतो.

बिलावर आम्ही प्रत्येक चाकाचे आधीचे आणि नंतरचे ग्रॅम, आतले-बाहेरचे वेगळे, लिहून देतो. बिल जपून ठेवा. पुढच्या वेळी वजनं जागेवर असूनही त्याच चाकाने पुन्हा २०-२५ ग्रॅम मागितले, तर आम्ही मशीन सुरू करण्याआधी तो टायर उतरवून आतून बघू.