तुम्ही विचारलंत म्हणून : व्यायाम केला तर नॉर्मलच होईल ना?

सोलापुरात गरोदर स्त्रियांसाठी मी व्यायामाचा वर्ग घेते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्गाच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी हा प्रश्न विचारते, आणि ती स्वतः लाजली तर तिच्याबरोबर आलेली आई किंवा सासू विचारते : "मॅडम, रोज व्यायाम केला तर नॉर्मलच होईल ना?" व्यायामाला माझा होकार असतो, त्या 'नॉर्मल'ला चिकटलेल्या 'च'ला मात्र नसतो.

या 'च'ची किंमत मी स्वतः मोजली आहे. माझ्या पहिल्या वेळी मी नववा महिना लागेपर्यंत रोज पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालले, वर्गातले सगळे व्यायाम स्वतःही केले. कळा सुरू होऊन नऊ तास झाल्यावर बाळाचे ठोके मंदावू लागले आणि सीझर करावे लागले. भेटायला आलेल्या माझ्या चुलत सासूबाई पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "एवढा व्यायाम करून शेवटी सीझरच ना!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, तरीही शास्त्र शिकलेली मी त्यानंतर आठवडाभर आपले काही चुकले का, याच विचारात पडून होते. तेव्हापासून या प्रश्नाचे उत्तर मी तोलून देते.

गर्भाशय हा स्नायू असला तरी तो आपल्या इच्छेने चालत नाही. कितीही चालले तरी त्याला दंडाच्या स्नायूसारखे कमावता येत नाही. कळा गर्भाशय आपल्या गतीने देते आणि त्याचे तोंड दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणीचे बरेच तास जातात. व्यायामाचा उपयोग होतो तो ते तास सोसणाऱ्या शरीराला : हृदय आणि फुप्फुसे, मांड्या, पाठ, आणि कळ येते तेव्हा श्वास न कोंडता तो लांब सोडण्याची सवय. वाट अर्ध्यावर आली असताना दमून न जाणे, हाच त्यातला मोठा लाभ आहे.

संशोधनही साधारण हेच सांगते, पण एका सुरात सांगत नाही. स्पेनमध्ये पाचशेच्या आसपास निरोगी गरोदर स्त्रियांवर झालेला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या कळांचा पहिला टप्पा सरासरी जवळजवळ तासभर लवकर आटोपला. त्याच सुमारास कॅनडातील संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ काढावे लागण्याची शक्यता व्यायाम करणाऱ्यांत जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी दिसली. कळांच्या एकूण वेळात आणि सीझरच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. व्यायामाने दिवस भरण्याआधीच बाळंतपण होते, ही भीती निरोगी गरोदरपणाबाबत खरी ठरलेली नाही. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका घटतो, हा फायदा तर त्याहून भक्कम आहे, आणि त्याची चौकशी कोणीच करत नाही.

"मग फरशी पुसली तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. उकिडवे बसून फरशी पुसली की नॉर्मल होते, हे आमच्याकडे घरोघरी सांगितले जाते. उकिडवे बसल्याने मांड्यांना आणि कंबरेला ताण मिळतो, हे खरे, पण खिडकीचा गज धरून सावकाश बसणे-उठणे तेच काम करते आणि निसरड्या फरशीवर पाय घसरण्याची भीती राहत नाही. जात्यावर दळणाऱ्या आजीचा दाखला देणाऱ्यांना मी एवढेच विचारते, की आजीच्या शेजारणींपैकी किती जणी बाळंतपणात गेल्या, हे आजीने सांगितले होते का?

गेल्या वर्षी शहराच्या पूर्व भागातून विड्या वळणारी एक बाई सहाव्या महिन्यात आली. मांडीवर सूप, एका बाजूला तंबाखू, समोर भिजवून कापलेल्या पानांची चळत, असे तिचे दिवसाचे सात-आठ तास. "अहो मॅडम, दिवसभर कामच करते की मी, वेगळा व्यायाम कशाला?" असे तिने विचारले तेव्हा मी तिला हॉलच्या तीन फेऱ्या जरा झपाझप मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला तिला एक वाक्य सलग बोलता येईना. तिची बोटे विजेसारखी चालतात, पण पाठ वाकलेली, पोट दबलेले आणि पाय जागचे हललेले नसतात. असे काम थकवते, शरीर कमावून देत नाही. तिला मी दर अर्ध्या तासाने सूप खाली ठेवून उठायला सांगितले, आणि शक्य असेल तर तंबाखूच्या धुळीपासून दूर बसायलाही. दुसरे जमते, असे मात्र मी म्हणू शकत नाही. तिचे घरच एका खोलीचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत, काही अडचण नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे आहे. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हे त्याचे मोजमाप. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीपार असतो, तेव्हा सकाळी सातच्या आतच चालून यावे, नाहीतर घरातच पंख्याखाली व्यायाम करावा आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवावी. पाचव्या महिन्यानंतर उताणे पडून बराच वेळ व्यायाम करू नये, कारण गर्भाशयाच्या भाराने पाठीकडची मोठी रक्तवाहिनी दबून चक्कर येऊ शकते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना आपण जे आवळतो ते, आवळण्याबरोबर पूर्ण सैल सोडायलाही शिकावे. बाळ बाहेर येताना कामी येते ते सैल सोडणेच, आणि नेमके तेच बहुतेकजणींना कठीण जाते.

वार (प्लॅसेंटा) खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला, म्हणून मी पहिल्या दिवशी हिमोग्लोबिनचा कागद मागते. व्यायाम करताना अंगावर रक्त जाणे, पाणी जाणे, ठरावीक अंतराने कळ येणे, छातीत दुखणे किंवा एका पोटरीला सूज येणे यांपैकी काही झाले, तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठायचा.

आता राहिला शेवटचा प्रश्न : "सीझर झालेच, तर सगळा व्यायाम वाया गेला का?" ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाटेवरून उठवायला नर्सबाई आल्या, तेव्हा पोटावर ताण न देता आधी कुशीवर वळायचे, मग पाय खाली सोडायचे आणि कोपरावर भार देत बसते व्हायचे, हे अंगाला आपसूक आठवले, कारण सहा महिने मी तेच दुसऱ्यांकडून करून घेत होते. टाके ओढले, डोळ्यांत पाणीही आले, पण मी कोणाच्या हाताशिवाय उभी राहिले आणि न्हाणीघरापर्यंत गेले. चुलत सासूबाई शेजारच्या खुर्चीत चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि दार धरून उभ्या राहिल्या.