लिंबातलं ‘रक्त’

आज अख्खा दिवस लिंबं कापण्यात गेला. ‘रक्त’ काढायचं तर जास्वंदीच्या लाल पाकळ्या सुरीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी चोळायच्या आणि पातं खडखडीत वाळू द्यायचं. वाळलेला थर काळपट-जांभळा दिसतो, लांबून कुणाच्या लक्षात येत नाही. लिंबाच्या आम्लाने तोच लालभडक होतो. पातं ओलं राहिलं तर रंग आधीच ओघळतो. लिंबू सुकं निघालं तर नुसता गुलाबी डाग. मिथिल ऑरेंज या प्रयोगशाळेतल्या रंगद्रव्याने रंग हमखास येतो, पण ते लिंबू पोटात जाता कामा नये.

जादूगार याला हातचलाखी म्हणतो, मांत्रिक करणी. कावीळ ‘उतरवणं’ त्याहून सफाईदार: आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस हाताला आधीच चोळलेला, वरून चुन्याची निवळी ओतली की पाणी पिवळं! विषाणूमुळे झालेली कावीळ बरेचदा काही आठवड्यांत आपसूक ओसरते, श्रेय मात्र निवळीला. पित्तनलिकेत खडा अडकलेला असला तर हेच आठवडे जिवावर बेततात. चमत्काराच्या नावाखाली फसवून पैसे उकळणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तरी निवळीचे पेले भरतातच.