टिप्याला कोण बघणार?

आज्जीच्या पायाचा अंगठा काढावा लागला त्याला आता वर्ष होईल. त्यात डॉक्टरांची चूक नाही, आज्जीची तर नाहीच, चूक असलीच तर गल्लीत मदत करणाऱ्या आमच्या ग्रुपची, आणि ग्रुपमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा मी, म्हणून माझी जरा जास्तच. तेच सांगायला बसलोय.

आज्जी म्हणजे आमच्या बेळगावच्या वडगावातल्या गल्लीतली आज्जी. सगळा जन्म कांड्या भरण्यात गेला. माहीत नसेल त्यांच्यासाठी, मागावर विणताना धोट्यात सुताची जी कांडी बसते ती भरून द्यायचं काम, आमच्याकडं वडगाव, शहापूर, खासबागला बायका घरी बसून करतात, दिवसभर मान खाली आणि हातात चार पैसे. नवरा मागावर होता, तो गेला. लेक चंदगडकडं दिलेली, ती दिवाळीला येते. पत्र्याची एक खोली, कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ, गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये, आणि टिप्या. टिप्या म्हणजे तांबडापांढरा गावठी कुत्रा, एक कान उभा, दुसरा पडका, गटारातून उचलून आणलेला. आज्जी त्याच्याशी मराठीत बोलते, शेजारचे कन्नडात, त्यामुळं त्याला ‘ये’ म्हटलं तरी कळतंय आणि ‘बा’ म्हटलं तरी कळतंय, सीमाप्रश्न त्याच्यापुरता सुटलाय.

तर आज्जीला शुगर. पायाला कसलं तरी लागलं, चिघळलं. दवाखान्यात नेलो, डॉक्टर बघून म्हणाले आजच अ‍ॅडमिट करा. आज्जी म्हणाली, "उद्या येतो की, घर आवरून." दुसऱ्या दिवशी म्हणाली सोमवारी येतो. सोमवारी म्हणाली आमावस्या झाल्यावर.

आम्हाला वाटलं पैशाची भीती, म्हणून वर्गणी काढली. मग वाटलं एकटी घाबरत असेल, म्हणून रात्री थांबायला एक मावशी ठरवली. मग ऑटो सांगितला. तिसऱ्यांदा ऑटोवाला रिकामा परत गेला तेव्हा मी तिच्यावर ओरडलोच, म्हटलो आज्जी तुला बरं व्हायचंच नाही काय. ती काही बोलली नाही, पदरानं तोंड पुसली आणि आत गेली. असे आठ-नऊ दिवस गेले.

शेवटी कळलं कुणाकडून, तर समोरच्या घरातल्या सहावीतल्या पोराकडून. तो आरामात म्हणाला, "काका, ती कशी जाणार, टिप्याला कोण बघणार?"

सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. आणि ती पण आपणहून सांगितली नाही, का, तर नंतर म्हणाली, "कुत्र्यासाठी थांबलोय म्हटलं असतं तर तुम्ही हसला असता." खरं सांगू, हसलोच असतो.

मग काय, अर्ध्या तासात ठरलं. सकाळी मी, दुपारी ते पोरगं, रात्री कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकू. आज्जी त्याच संध्याकाळी गेली. पण अंगठा गेलाच. लवकर आली असती तर वाचला असता काय, डॉक्टरांनी स्पष्ट काही सांगितलं नाही, मी पण विचारलो नाही. धाडस झालं नाही.

टिप्या दोन दिवस जेवलाच नाही. भात-ताक ठेवलं, तोंड फिरवला. चिकनवाल्याकडून कोंबडीचे पाय आणून शिजवून घातलो, वास घेतला आणि उंबऱ्यावर जाऊन पडला, कुलपाकडं तोंड करून. तिसऱ्या दिवशी किराणावाल्या काकूंनी शक्कल लढवली, आज्जीचं जुनं लुगडं मागून घेतलं, त्याच्यावर ताटली ठेवली आणि शेजारी बसून कन्नडात शिव्या घालायला लागल्या, कारण आज्जी त्याला जेवायला घालताना रोज शिव्याच घालते. जेवला मुकाट्यानं.

आता आमच्या ग्रुपचं सांगतो. फार मोठं काय नाही. २०२० ला लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, मजुरी बंद, तेव्हा गल्लीतल्या पाच-सहा जणांनी तांदूळ, डाळ, तेल, चटणी-मीठ असं पिशव्यांत भरून वाटायला सुरू केलं, ते चालूच राहिलं. एक वही आहे, कुणाच्या घरात किती माणसं, लहान पोरं किती, बीपी-शुगर कुणाला. आज्जीच्या प्रकरणानंतर त्या वहीत एक रकाना वाढवला, ‘जनावर’. एवढंच. पण त्या रकान्यानं काय काय बाहेर आलं म्हणता! एका घरात रोज एक माणूस अर्धपोटी उठत होता कारण आपल्या ताटातलं काढून मांजराला घालत होता. आम्ही चार माणसांचं रेशन देत होतो, खाणारी तोंडं पाच. आमचा हिशेबच चुकलेला.

यावर लगेच ठरलेलं वाक्य येतं. स्वतःला खायला नाही आणि कुत्री कसली पाळतात. मला हे आमच्याच ग्रुपमधल्या एका अण्णांनी सुनावलं. मी त्यांना विचारलो, अण्णा, तुमच्या घरात टीव्ही आहे, सून आहे, नातू आहे, मोबाइल आहे, संध्याकाळी क्लबात पत्ते आहेत. त्या आज्जीकडं संध्याकाळी कोण आहे? आणि नुसती सोबतच नव्हे. जांबोटी-कणकुंबीकडं रानाकडेच्या घरात कुत्रं ही चैन नाही, रात्री अंगणात अस्वल आलं तर पहिलं ते सांगतं. तिथं जाऊन ‘कशाला पाळता’ विचारून बघा, वेड्यात काढतील.

आणि आपण कीर्तनात ऐकतोच की, कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. डोळे पुसतो, मग देवळाबाहेर येतो आणि चपलेजवळ बसलेल्याला ‘हाड’ म्हणतो.

मामाचं गाव निपाणीकडं, दूधगंगेच्या काठाला. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा होडी दारात आली, मामी चढली, पोरं चढली, मामा म्हशीचं दावं धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा. म्हणाला हिला सोडून येत नाही. होडीवाल्या जवानांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गेले निघून. शेवटी म्हैस पोहत आणि मामा तिच्या शेपटीला धरून, असे दोघं माळावर पोचले. घरात हा किस्सा हसत हसत सांगतात, पण मामी हसत नाही. हे इथलंच खूळ असंही नाही. अमेरिकेत २००५ ला कतरिना वादळ आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्समध्ये कितीतरी लोक घर सोडायला तयार झाले नाहीत, कारण छावणीत कुत्र्यामांजरांना घेत नव्हते. माणसं त्यापायी अडकली, म्हणून २००६ ला त्यांनी कायदाच केला, आपत्तीच्या योजनेत पाळीव जनावरांचा विचार केलाच पाहिजे म्हणून. आपल्याकडं पुराच्या छावणीला आता कन्नडात ‘काळजी केंद्र’ म्हणतात, शब्द आपलाच, त्यात म्हशीची पण काळजी आली तर मामासारखे लोक पहिल्या होडीत चढतील.

गरिबाच्या जनावराला फुकट दवाखाना ही कल्पना पण जुनीच आहे. लंडनच्या व्हाईटचॅपल भागात, म्हणजे तेव्हाच्या एकदम गरीब वस्तीत, मारिया डिकिन नावाच्या बाईनं १९१७ ला, पहिलं महायुद्ध चालू असताना, एका तळघरात असला दवाखाना काढला. लोकांनी तेव्हा पण हेच विचारलं असणार, माणसं मरताहेत आणि ही गाढवांना औषध देतेय. ती संस्था अजून चालू आहे. आमच्याकडं तळघर नाही, मारुतीच्या देवळामागचा कट्टा आहे.

त्या कट्ट्यावर आम्ही एका रविवारी लस ठेवली. ओळखीचे एक जनावरांचे डॉक्टर आले, फी घेतली नाहीत, लसीचे पैसे वर्गणीतून. वाटलं दहा-बारा कुत्री येतील. सकाळी बघतो तर रांग! शेळ्या घेऊन लोक, एकानं कोंबडा आणला (त्याला काय झालेलं शेवटपर्यंत कळलं नाही, बहुतेक गर्दी बघायला आलेला), आणि एक बाई चिरमुऱ्याच्या पोत्यात मांजर घालून, पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं, आतून असा आवाज की कुत्री मागं सरकली. एक मुलगी पिंजऱ्यात पोपट घेऊन आली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन हळूच समजावलं की बाळ, हा पाळायला कायद्यानं बंदी आहे, वन्यजीव कायद्यात बसतो, वनखात्याकडं द्यावा लागेल. ती रडली. आम्ही सगळे इकडंतिकडं बघत उभे.

त्या दिवशी डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथं मुद्दाम लिहितो. मांजराला ताप आलाय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, अर्धी पण नको, पाव पण नको. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही, मरतं. आमच्या गल्लीत दोन घरांतली मांजरं अशी अचानक गेलेली, तेव्हा सगळ्यांनी शेजाऱ्यानं विष घातलं म्हणून भांडणं केली होती. आणि दुसरं, कुत्रं चावलं तर चुना, मिरचीपूड, हळद काय काय लावतात ते नको. साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मग सरळ सरकारी दवाखाना, आणि इंजेक्शनं ठरलेल्या तारखांना पूर्ण. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून बंद करायची नाहीत. शेळी, गाय, म्हैस आजारी असली तर १९६२ या नंबरला फोन लावायचा, जनावरांची गाडी येते.

पट्ट्याचं राहिलंच. गरिबाचं कुत्रं म्हणजे अर्धं घरचं, अर्धं गल्लीचं. खोलीला कंपाउंड नाही, बांधायला जागा नाही, दिवसभर बाहेरच. २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या भटक्या कुत्र्यांच्या बातम्या टीव्हीवर यायला लागल्या, ऑगस्टातला दिल्लीचा आदेश, मग तो २२ ऑगस्टला बदलला, नसबंदी आणि लस करून परत सोडायचं म्हणाले. आज्जीला त्यातलं एवढंच कळलं की गाडी येणार आणि टिप्याला नेणार. रात्री खोलीत घेऊन दार लावून झोपायची, पावसाळ्यात, पत्र्याखाली, उकाड्यात. तेव्हा आम्ही पट्टे आणले. जाड कापडी, लाल, त्याच्यावर कुत्र्याच्या मालकाचं नाव मार्करनं. पट्टा असला की ‘यांचं कुत्रं’, नसला की भटकं. पन्नासेक रुपयांत एवढा फरक पडत असेल तर आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. एका घरात सात कुत्री आहेत, दर वर्षी पिल्लं, शेजारच्या पोराला चावलं, आणि ते घर नसबंदीला तयार नाही, पाप लागतं म्हणतात. अण्णांचं म्हणणं त्यांचं रेशन बंद करा. मी म्हटलो रेशन पोरांचं आहे, कुत्र्यांच्या भांडणात पोरांच्या ताटाला हात लावायचा नाही. त्यावरून दोघांत अबोला झाला. शेवटी किराणावाल्या काकू त्या घरी जाऊन बसल्या, रोज थोडा वेळ, असं महिनाभर. तीन कुत्र्यांची नसबंदी झालीय. चार बाकी. चावलेल्या पोराच्या आईचा राग अजून गेलेला नाही आणि तिचं काय चुकलं असंही मला वाटत नाही.

आज्जी बारा दिवसांनी घरी आली. सगळे मोबाइल काढून तयार, आता टिप्या उडी मारणार आणि रील होणार. टिप्या तिच्या पायाच्या बँडेजचा वास घेतला आणि भुंकायलाच लागला, औषधाचा वास ना, ओळखला नाही. आज्जी ऑटोतून उतरता उतरता त्याला अशी सणसणीत शिवी दिली की रील कुणालाच टाकता आली नाही. मग तो गप झाला आणि तिच्या आधी घरात शिरला.

परवा खासबागेतून फोन आलाय. एक ताई बाळंतपणाला दवाखान्यात चाललीय, घरात मांजर आणि चार पिल्लं, डोळे नुकते उघडलेत. दुधाची सोय झालीय, जागेची नाही. माझ्या घरी बायको अजून हो म्हटलेली नाही, पण काल तिनं माळ्यावरून जुनी टोपली खाली काढून पुसून ठेवलीय.