भाजीच्या वाफ्यात फुलं कशाला?

माझी बाग बघून झाली की बहुतेक जण हेच विचारतात: जागा एवढीशी, त्यात फुलांनी इतकी अडवून ठेवलेली, त्याऐवजी आणखी चार टोमॅटो का नाही लावत? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे जागा कमी असते तो वीत-वीत मोजतच लावणार. पण मी फुलं शोभेसाठी लावत नाही. शोभा होते, ती मला मनापासून आवडतेही, पण ती फुलं तिथे भाजीसाठी आहेत. घरची बाग आखताना फुलझाडं आणि भाज्या वेगवेगळ्या कागदांवर मांडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकडीच्या वेलाजवळ सकाळी लवकर वाकून बघा. पिवळी फुलं दोन प्रकारची दिसतील. नर फूल बारीक देठावर उभं असतं आणि बहुधा तेच आधी येतं, त्यामुळे सुरुवातीची फुलं गळली तरी काळजीचं कारण नाही. मादी फुलाच्या मागे मात्र काकडी आधीच तयार असते: बोटाच्या पेराएवढी, अंगावर बारीक लव आणि काटे असलेली. ती पुढे वाढणार की नाही, हे त्या एका दिवसात ठरतं. फूल सकाळी उमलतं आणि दुपारनंतर कोमेजायला लागतं. तेवढ्या वेळात नर फुलातले परागकण मादी फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधोमध परागकण झेलणाऱ्या टोकावर, पोचायला हवेत. ते चिकट असतात, वाऱ्यावर उडून जात नाहीत. कुणीतरी ते अंगावर घेऊन यावं लागतं, आणि एका फेरीत भागत नाही. परागकण कमी पडले तर काकडी वाकडी होते, एका टोकाला फुगते आणि दुसरीकडे निमुळती राहते. अजिबात पोचले नाहीत तर ती चिमुकली काकडी पिवळी पडते, सुकते आणि हात लावताच गळून पडते.

हे दिसलं की लोक म्हणतात, खत कमी पडलं. मग आणखी खत घालतात. त्यात नत्र जास्त असलं तर वेल पानांनी भरून जातो आणि फुलं आणखी उशिरा येतात. वेलाला कमी पडलेली असते ती मधमाशी.

मधमाशी नुसत्या काकडीसाठी येईलच असं नाही. एका छोट्या वेलावर सकाळी उमलणारी चार-पाच फुलं तिला लांबून यायला पुरेशी नसतात. शेजारी फुलांनी डवरलेला सब्जा असेल, कॉसमॉस किंवा झिनिया असेल, तर ती रोज फेरी मारते आणि त्याच फेरीत काकडीही उरकते. जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांकडून, म्हणजे मुख्यतः कीटकांकडून, होणाऱ्या परागीभवनाची मदत लागते. फुलावरचे रंग आणि ठिपके कीटकाला मधाची वाट दाखवतात, हे क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने 1793 साली सविस्तर मांडलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं. घरच्या बागेत अजूनही ते मनावर घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रत्येक भाजीचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे रात्री पतंग येतात. दोडकाही संध्याकाळचा, पण त्याच कुळातलं घोसाळं सकाळचं. त्यामुळे दुधीला फळ धरत नाही म्हणून सकाळी हाताने परागीभवन करायला गेलात तर उपयोग होत नाही. ते दिवेलागणीलाच करायचं. त्या दिवशी उमललेलं नर फूल खुडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पिवळा पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर सगळीकडून अलगद फिरवायचा. कुक्षीवर पिवळी पूड चिकटलेली दिसली की झालं. उंच मजल्यावर, जिथे कीटक क्वचितच पोचतात, तिथे हे रोजचं काम धरून चालावं.

टोमॅटो आणि वांगं यांची गोष्ट निराळीच. एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण परागकण बंद नळीसारख्या परागकोशात अडकलेले असतात. फूल हललं की ते बाहेर सांडतात. भुंगा फुलाला धरून लटकतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो, तेव्हा त्याचा गुणगुणाट एकदम चढा होतो. तो आवाज एकदा ओळखता आला की बागेत पाठमोरे असतानाही कळतं. मधमाशीला हे असं थरथरवणं जमत नाही. उघड्यावर असलेल्या टोमॅटोचं वाऱ्यावरही बरंच भागतं. बंद गॅलरीत मात्र दुपारच्या आधी फुलांच्या देठाला बोटाने टिचक्या मारून बघा, फळधारणेत फरक पडतो.

पालक, मेथी, मुळा, गाजर यांचं आपण पान किंवा मूळ खातो, त्यांना यातलं काही लागत नाही. घेवडा आणि वाटाणा यांचं काम बहुतेक वेळा फूल पूर्ण उमलायच्या आतच उरकलेलं असतं. म्हणजे नुसत्या पालेभाज्या लावणाऱ्याला फुलांची गरजच नाही का? आहे, पण कारण वेगळं आहे. ते कारण म्हणजे मावा, झाडाचा रस शोषणारी बारीक कीड.

कोवळ्या शेंड्यावर मावा दिसला की पहिला हात फवारणीकडे जातो. तिथे दोन मिनिटं थांबून पान उलटं करून बघा. काळपट, लांबुळकी, अंगावर केसरी ठिपके असलेली, सहा पायांची एखादी अळी माव्यातून फिरताना दिसेल. ती लेडीबर्डची, म्हणजे ढालकिड्याची अळी. आईबापांसारखी ती अजिबात दिसत नाही, त्यामुळे कितीतरी लोक तिलाच कीड समजून चिरडतात. दुसरी असते बिनपायाची, हिरवट, जळवेसारखी पुढे सरकणारी. ती सिरफिड माशीची. या दोन्ही अळ्या माव्यावर जगतात. पण मोठ्या झालेल्या सिरफिड माशीला मध आणि परागकण लागतात. तिचं तोंड आखूड, म्हणून उथळ, बारीक फुलं हवीत. कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर आली की आपण उपटतो. माझ्याकडे प्रत्येकाची एक-दोन झाडं मुद्दाम तशीच राहतात. त्यांच्या पांढऱ्या-पिवळ्या छत्र्यांवर या माश्या मध पितात आणि माव्याने भरलेल्या शेंड्यांजवळ अंडी घालतात. एवढं झालं की निम्मी फवारणी वाचते. फवारायचंच झालं, अगदी कडुनिंबाचं तेल असलं तरी, संध्याकाळी फवारा आणि उमललेली फुलं सोडून फवारा.

फुलं निवडताना एकेरी पाकळ्यांची घ्या. भरगच्च गोंडेदार जाती सुंदर दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याच जातींत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात किंवा मधला भाग पाकळ्यांखाली झाकून गेलेला असतो. मधमाशी येते, फिरते आणि रिकामी जाते. झेंडूबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण दोन टोमॅटोंमध्ये एक झेंडू लावला की सगळी कीड पळते, असं सर्रास सांगितलं जातं. झेंडूच्या मुळांमधली द्रव्यं सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना त्रास देणाऱ्या मातीतल्या सूक्ष्म कृमींना, मारक असतात हे खरं. पण त्याचा खरा फायदा वाफाभर दाट झेंडू दोनेक महिने वाढवून, नंतर त्या जागी भाजी लावली तर होतो. एकट्या झाडाकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. एकेरी झेंडू कीटकांना बोलावतो, त्या कामासाठी तो जरूर लावा.

आता आखणी. इथे लोक जागेचा विचार करतात आणि वेळेचा विसरतात. काकडी पेरल्यापासून साधारण पाच-सहा आठवड्यांत फुलावर येते. झिनियाला बियांपासून फुलायला आठ-नऊ आठवडे लागतात, कॉसमॉसलाही जवळपास तेवढेच. दोन्ही एकाच दिवशी पेरली तर काकडीची पहिली मादी फुलं उमलतात तेव्हा शेजारची फुलझाडं नुसती पानांची असतात. म्हणून फुलं आधी पेरायची, तीन-चार आठवडे आधी. आणि सगळी बियाणी एकदम संपवायची नाहीत. दर काही आठवड्यांनी चिमूटभर पेरत राहिलं की एक खेप ओसरताना दुसरी कळ्यांवर येते. माझ्या आराखड्याच्या कागदावर जागेच्या नकाशाखाली महिन्यांची एक पट्टी असते, आणि तिच्यात "फुलावर काहीच नाही" असा महिना सापडला तर आधी तो भरते, मग बाकीचं.

जागेच्या बाबतीत सगळ्यात आधी ऊन. फळभाज्यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं, पालेभाज्यांचं चारेक तासांवर भागतं. एकाच दिवसाच्या निरीक्षणावर विसंबू नका. दुपारच्या सूर्याची आकाशातली जागा दोन अयनांच्या दरम्यान, म्हणजे जून ते डिसेंबर, सुमारे 47 अंशांनी सरकते. आज उन्हात असलेला कोपरा सहा महिन्यांनी भिंतीच्या सावलीत असू शकतो. मांडव, सूर्यफूल, उंच कॉसमॉस यांची जागा अशी ठरवा की त्यांची सावली बुटक्या झाडांवर पडणार नाही. आणि फुलं एका बाजूला ओळीत उभी करू नका. वेलांच्या पायथ्याशी, वाफ्याच्या टोकांना, अशी पुंजक्यापुंजक्याने लावा. पाच झाडांचा एक पुंजका कीटकांना पाच ठिकाणच्या सुट्या झाडांपेक्षा लवकर दिसतो.

शेवंती लावणार असाल तर रात्रीचा दिवा कुठे आहे ते बघून घ्या. तिला फुलायला लांब, अखंड अंधाराची रात्र लागते. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचं फुलणं अवलंबून असतं हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली दाखवून दिलं. खिडकीतल्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेली शेवंती हिरवीगार राहते आणि कळीच धरत नाही. कुंडी चार हात अंधारात सरकवली की काम होतं.

जमिनीवर बाग असेल तर एक छोटा कोपरा उघडा ठेवा. तिथे आच्छादन नको, खणणं नको. पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती मातीत बीळ करून अंडी घालतात, आणि पालापाचोळ्याचा जाड थर त्यांना अडवतो.

यानंतर हमखास पुढचा प्रश्न येतो: माझ्याकडे तीनच कुंड्यांची जागा आहे, मग? तरीही एक कुंडी फुलांची. मोठ्या कुंडीत काकडी आधाराला चढवा, दुसरीत टोमॅटो, आणि तिसरीत सब्जा. सब्ज्याची पानंही कामी येतात, तो वारंवार छाटता येतो आणि छाटल्यावर पुन्हा फुलतो. फक्त छाटणी अर्धी-अर्धी करा, म्हणजे निम्म्या फांद्यांवर मंजिऱ्या कायम राहतील. आणि पेरताना सब्जा आधी पेरा, काकडी महिनाभराने.