सामोवाराशेजारचा बंब

साताऱ्यातील आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, अजिंक्यताऱ्यावरून उतरणारा वारा सकाळी अंगाला झोंबतो अशा दिवसांत भरत असे. पहिल्या दिवशी क्रीडास्पर्धा, दुसऱ्या दिवशी रांगोळी आणि शेलापागोटे, तिसऱ्या दिवशी विविध गुणदर्शन आणि बक्षीस समारंभ हा क्रम इतर शाळांसारखाच होता, त्यामुळे त्याविषयी फार लिहीत नाही. लिहायचे आहे ते पाचवी ‘ब’च्या वर्गाविषयी. संमेलनाचे तिन्ही दिवस या वर्गातील बाके व्हरांड्यात काढली जात, फरशीवर सतरंज्या अंथरल्या जात आणि भिंतीकडेने मांडलेल्या बुटक्या टेबलांवर जगभरातील मुलांची चित्रपुस्तके उघडून ठेवली जात. दाराशेजारच्या फळ्यावर रंगीत खडूने ‘देशोदेशीची खोली’ असे लिहिलेले असे. ऐंशीच्या दशकात, मी स्वतः पाचवीत असताना, त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकले. पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाले आणि आमच्या मराठीच्या बाई निवृत्त झाल्यावर ती खोली मांडण्याचे काम माझ्याकडे आले.

खोलीचा एकच कडक नियम होता. आत येण्यापूर्वी मागच्या हौदावर हात धुवायचे आणि ते कोरडे करून बाईंना दाखवायचे. जानेवारीतले ते पाणी इतके गार असे की बोटे बधिर होत. तरीही रांग मोडून कोणी परत गेल्याचे मला आठवत नाही.

उद्‌घाटनाला पाहुणे बोलावलेले नसत. साने गुरुजींची प्रार्थना होई आणि त्यानंतर बाई दरवर्षी एकच हकीकत सांगत. दुसरे महायुद्ध संपल्यावर जेला लेपमान नावाच्या बाई आपल्या उद्ध्वस्त झालेल्या देशात, जर्मनीत परतल्या. मुलांना अन्न आणि कपडे तर हवेतच, पण पुस्तकेही हवीत, असे म्हणून त्यांनी देशोदेशी पत्रे पाठवून मुलांची पुस्तके मागितली. कालपर्यंत जे देश जर्मनीशी लढत होते त्यांच्याकडेही त्यांनी मागणी केली, पुस्तके आली आणि १९४६ साली म्युनिकमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. त्यातूनच १९४९ साली तेथे मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले. ही हकीकत आम्हां मुलांना पाठ झाली होती, तरीही ‘कालपर्यंत जे देश लढत होते’ हे शब्द येताच खोलीत जी शांतता पसरत असे ती दरवर्षी नवी वाटे.

त्या काळी खोलीतली बहुतेक पुस्तके सोव्हिएत देशातून आलेली होती. गुळगुळीत कागद, मोठा आकार, पानभर चित्रे आणि आमच्यासारख्यांच्या वडिलांना परवडेल अशी किंमत, असे ते वैभव होते. लोकवाङ्मय गृह या प्रकाशन संस्थेच्या प्रदर्शनांतून बाई ती एकेक करून जमवत. त्यांतील एका पुस्तकातले एक चित्र मी आजही डोळे मिटून उतरवू शकेन. लाकडी घरातली पांढरी, भिंतीएवढी मोठी विटांची भट्टी, तिच्या तोंडाशी तांबूस उजेड आणि वरच्या कट्ट्यावर गोधडी पांघरून निजलेली आजी. माझ्या शेजारची मुलगी दचकून म्हणाली, “बाई, हिची आजी चुलीवर झोपलीय!” बाई हसल्या नाहीत. त्या सतरंजीवर आमच्यात येऊन बसल्या आणि त्यांनी विचारले, की बाहेर सहा महिने बर्फ असेल तर घरातली सर्वांत चांगली जागा कोणती, आणि ती घरातल्या कोणाला द्यावी? विटा तापल्या की रात्रभर ऊब धरून ठेवतात, हे आमच्या वीटभट्टीवरच्या एका मुलाने सांगितले. चित्रातली विचित्र वाटणारी आजी अशी पाच मिनिटांत घरातली मानाची आजी झाली.

त्याच पुस्तकात पुढे टेबलावर एक पितळी भांडे होते, पोटाशी तोटी आणि डोक्यावर लहानशी किटली असलेले. खाली ‘सामोवार’ असे लिहिले होते. मुले ते पाहताच ओरडली, “हा तर आमचा बंब!” आणि ते अगदी खरे होते. मधोमध उभी नळी, नळीत निखारे, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि तापलेले पाणी घ्यायला तोटी, अशी दोन्हींची घडण एकच. फरक एवढाच, की आमच्या बंबाचे पाणी न्हाणीघरात जाते आणि त्यांच्या सामोवाराचे चहाच्या पेल्यात. दुसऱ्या वर्षी बाईंनी आपल्या घरचा तांब्याचा बंब चिंचेने लख्ख घासून आणला आणि त्या पुस्तकाशेजारी ठेवला. तेव्हापासून खोलीची रीतच पडली: प्रत्येक पुस्तकाशेजारी कोणाच्या तरी घरची एक वस्तू ठेवायची. पूर्व आफ्रिकेतील बायका ज्या कांगा नेसतात, त्यांच्या काठाशी स्वाहिली भाषेतील म्हण छापलेली असते. त्या पुस्तकाशेजारी कोणाच्या तरी आजीचे इरकली लुगडे आले, आणि मग आपल्या काठावर एखादी म्हण असती तर ती कोणती असती, यावर मुली दुपारभर बोलत राहिल्या.

पुस्तके सगळी मराठीत नसत. इंग्रजी आणि रशियन पुस्तकांसाठी बाई मराठी मजकूर कागदाच्या पट्ट्यांवर सुवाच्य अक्षरात लिहीत आणि गव्हाच्या पिठाच्या खळीने पानांच्या तळाशी चिकटवत. एका वर्षी खळ मीच शिजवली आणि त्यात मोरचूद घालायचे विसरले. पुढच्या जानेवारीत पेटी उघडली तेव्हा कसरीने तीन पुस्तकांच्या कडा खाल्ल्या होत्या. त्यानंतर पट्ट्या चिकटवणे बंद झाले आणि त्या पानांत नुसत्या सरकवून ठेवण्यात येऊ लागल्या. खरे तर तेच योग्य होते, कारण पट्टी बाजूला केली की मुले आधी चित्र वाचत आणि मग शब्दांकडे वळत.

शब्दांवरून बाईंचा आणि आणखी एका शिक्षकांचा वाद होई. रशियन मुले सकाळी ‘काशा’ खातात. सरांचे म्हणणे, सरळ ‘लापशी’ लिहावे, म्हणजे मुले अडणार नाहीत. बाई म्हणत, की लापशी लिहिले तर मुलांना आपली गूळ घातलेली लापशीच दिसेल. ‘काशा’ हाच शब्द राहू द्यावा, अर्थ वाटीतले चित्र सांगेल. अनेक वर्षे मुलांना वाचून दाखवल्यानंतर मी बाईंच्या बाजूची आहे. अनोळखी शब्दाला मूल घाबरत नाही. ते दोनदा उच्चारून पाहते आणि घरी जाऊन आईला सांगते.

१९९१ साली सोव्हिएत संघ संपला आणि ती पुस्तके यायची थांबली. मधली काही वर्षे खोली नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालिकेतील पुस्तकांवर तगली. बाईंनी एकदा त्या मालिकेतील एकच पुस्तक मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्ये शेजारी शेजारी मांडले होते. चित्रे तीच, अक्षरे मात्र वेगळी. आमच्या चित्रकलेच्या सरांनी त्यामागचे गुपित सांगितले: रंगीत चित्रे सगळ्या भाषांसाठी एकदाच छापता येतात आणि मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला की भाषा बदलताना तेवढीच एक प्लेट बदलावी लागते. म्हणून पुष्कळ भाषांत निघणाऱ्या चित्रपुस्तकांत अक्षरे प्रायः काळी असतात. मुलांनी लगेच खोलीतली सगळी पुस्तके या दृष्टीने तपासून काढली.

या सरांमुळेच खोलीत जपान आला, आणि तो भाग मला सर्वांत प्रिय आहे. जपानमध्ये १९३०च्या दशकात सायकलवर लाकडी चौकट बांधून गोष्टी सांगणारे लोक गल्लोगल्ली फिरत. दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर वाजवून ते मुलांना गोळा करत, आधी गोळ्या विकत आणि मग चौकटीतून एकेक चित्र ओढत गोष्ट सांगत. या प्रकाराला ‘कामिशिबाई’, म्हणजे कागदाचे नाटक, म्हणतात. दूरचित्रवाणी येईपर्यंत त्याचा मोठा बोलबाला होता. सरांनी शाळेच्या सुताराकडून प्लायवूडची तशी चौकट करून घेतली. त्यातली गंमत मागून पाहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या चित्राचा मजकूर असतो शेवटच्या चित्राच्या पाठीवर, कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीच बाजू असते. पहिले चित्र ओढून मागे ठेवले की त्याच्या पाठीवर दुसऱ्या चित्राचा मजकूर तयार असतो. आमच्या सहावीतल्या मुलींनी हा क्रम स्वतः बसवला तेव्हा त्यांचे दोन तास गेले, पण त्यानंतर त्यांची एकही ओळ चुकली नाही.

सरांनी त्या चौकटीशेजारी आपल्याच मुलखातली वस्तू ठेवली. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कागदावरच्या चित्रांतून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला तेथे ‘पोथी’ म्हणतात. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या मुलांनी ते नाव आनंदाने फळ्यावर लिहिले होते. चित्रकथीत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. म्हणजे जपानी चित्राच्या पाठीवर शब्द आहेत, तर पिंगुळीच्या चित्राच्या पाठीवर दुसरे चित्र, आणि शब्द सगळे गाणाऱ्याच्या कंठात. सरांनी केलेल्या नकला मुले उलटसुलट करून पाहत राहिली. कोणते चांगले, असे कोणी विचारले नाही. पाठांतर होणार नाही त्याने जपानी पद्धतीने सांगावे आणि होईल त्याने पिंगुळीच्या, असे सातवीतल्या एका मुलाने आपणहून ठरवून टाकले.

मेक्सिकोच्या पुस्तकाशेजारी पाटा-वरवंटा ठेवावा लागला, आणि तो उचलून आणायला चार मुले लागली. तिथला ‘मेताते’ तीन पायांचा आणि पुढे उतरता असतो, पण त्यावर वाकून वाटणारी बाई पाहिली की आपलीच आजी आठवते. तिकडे मका चुन्याच्या निवळीत शिजवून मग वाटतात, हे वाचून एका मुलीची आई संमेलनाला आलेली असताना बराच वेळ त्या पानापाशी थांबली होती. मिरचीही तिकडूनच पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली, यावर मात्र कोणाचाच विश्वास बसेना. त्याच पुस्तकात नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांचे चित्र आहे. गेलेल्या माणसांच्या तसबिरींपुढे पाणी, मीठ, पाव मांडलेला आणि दारापासून तिथपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट. आमची निम्मी मुले दसऱ्याला झेंडू तोडायला शेतात जाणारी; झेंडूचे मूळ घर मेक्सिको आहे हे कळल्यावर ती त्या चित्रावर ओणवी झाली. त्यांतल्या एकाचे वडील आदल्या वर्षी गेले होते. तो हळूच म्हणाला, “म्हणजे त्यांचा पितृपंधरवडा.” मी फक्त हो म्हणाले. तो त्या पानापाशी एकटाच बसून राहिला आणि मी दुसऱ्या मुलांना तिकडे जाऊ दिले नाही.

सगळीच पुस्तके चांगली नव्हती, हेही सांगायला हवे. परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने भारतावरचे एक देखणे पुस्तक पाठवले. त्यात पानोपानी हत्ती, नागवाले गारुडी आणि राजवाडे होते. पाचवीतल्या मुलाने ते शेवटपर्यंत पाहून विचारले, “बाई, यात एसटी कुठं हाय?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण त्या प्रश्नाने खोली बदलली. इनुइट लोकांवरचे, पानोपानी बर्फाचे घुमट दाखवणारे पुस्तक मुलांनी पुन्हा काढले आणि तिथल्या मुलाला यात आपले घर ओळखू येईल का, असे विचारू लागली. इग्लू हा मुख्यतः हिवाळ्यातला, शिकारीच्या काळातला निवारा होता आणि आता ते लोक साध्या बांधीव घरांत राहतात, अशी पट्टी मी त्या पुस्तकात घातली. उशिरा घातली, याचे वाईट वाटते.

पुढच्या संमेलनासाठी मुलांनी स्वतःचे पुस्तक केले. मोठा कागद तीनदा दुमडला की १६ पाने होतात आणि चित्रपुस्तके बहुधा अशा दोन घड्यांची, ३२ पानांची असतात, हे त्यांना हातांनी करूनच समजले. घडी उलगडल्यावर निम्मी पाने डोक्यावर उभी दिसतात हे पाहून तर त्यांनी सगळी चित्रे पुन्हा काढली. एसटी पहिल्याच पानावर आली. मग कंदी पेढ्यांचे दुकान, माहुलीचा संगम, कासची फुले आणि बावधनचे बगाड, म्हणजे रंगपंचमीच्या जत्रेत बैल ओढतात तो मोठा लाकडी गाडा. बगाडाचे पान बावधनच्याच मुलीने लिहावे, दुसऱ्या कोणी नाही, असा मुलांनीच आग्रह धरला. ४ मे २०१७ रोजी आमच्याच जिल्ह्यात भिलार हे पुस्तकांचे गाव झाले. पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेल्समधल्या ‘हे-ऑन-वाय’ या गावावरून तो विचार पुढे आला होता. तिथल्या घराघरांतून पुस्तके वाचून मुले परतली तेव्हा त्यांनी आपल्या पुस्तकाला घरांच्या ओसऱ्यांचे आणखी एक पान जोडले.

बाई आता नाहीत. त्यांचा बंब त्यांच्या मुलाने शाळेला दिला. मागच्या जानेवारीत मी तो नेहमीसारखा घासून जुन्या रशियन पुस्तकाशेजारी ठेवला. तिसरीतली दोन मुले बराच वेळ पुस्तकाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने पाहत होती. शेवटी एकाने विचारले, “बाई, हा सामोवार तुम्ही रशियातून आणला का?” घरोघरी गिझर आलेल्या त्या मुलांनी बंब पाहिलेलाच नव्हता. मी शिपाईमामांना हाक मारली. आम्ही तो बंब उचलून हौदापाशी नेला, त्यात पाणी भरले, नळीत ढलप्या आणि शेणीचे तुकडे टाकून पेटवला. धूर सरळ वर गेला, भोवती मुले जमली आणि थोड्या वेळाने तोटी सोडली तेव्हा पाणी कढत होते. त्या वर्षी खोलीत शिरण्यापूर्वी सगळ्या मुलांनी गरम पाण्याने हात धुतले.